‘आय डाउट’ म्हणजे संशय नव्हे: इंग्रजी अहवालात शंका आणि कमी शक्यता कशी लिहावी

प्रश्न थोडक्यात असा: “रावेर तालुक्यात केळी निर्यातीच्या एका पॅकहाउसमध्ये मी फील्ड ऑफिसर आहे. बागांच्या पाहणीचे अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात. एका मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेत) मला सीएमव्हीचा, म्हणजे केळीवर येणाऱ्या एका विषाणूरोगाचा, संशय आला, म्हणून ‘आय डाउट देअर इज व्हायरस इन धिस प्लॉट’ असं लिहिलं. खरेदीदाराचं उत्तर आलं, ‘गुड टु हिअर’. शंका, अंदाज, ‘हे होणं कठीण दिसतं’ या गोष्टी लेखी इंग्रजीत नेमक्या कशा मांडायच्या?”

खरेदीदाराने तुमचं वाक्य बरोबर वाचलं. इंग्रजीतलं ‘डाउट’ हे क्रियापद नकाराकडे झुकलेलं आहे. ‘आय डाउट देअर इज व्हायरस’ म्हणजे ‘व्हायरस असेल असं मला वाटत नाही’. तुम्हाला हवं होतं ते ‘आय सस्पेक्ट देअर इज व्हायरस’. तेव्हा आधी एक काम उरका. त्याच मेलला जोडून दोन ओळी पाठवा: ‘प्लीज नोट अ करेक्शन. वी सस्पेक्ट व्हायरस इन धिस प्लॉट.’ मग सावकाश पुढचं वाचा.

मराठीत शंका दोन्ही बाजूंना चालते. ‘पैसे त्यानेच घेतले अशी मला शंका आहे’ म्हणजे घेतले असं वाटतंय. ‘तो पैसे परत करेल याबद्दल मला शंका आहे’ म्हणजे करणार नाही असं वाटतंय. ‘अशी’ आणि ‘याबद्दल’ या दोन शब्दांवरून आपल्याला कळतं, त्यामुळे नाम एकच राहिलं तरी बिघडत नाही. इंग्रजीत ही वाटणी क्रियापद स्वतःच करतं. आहे असं वाटत असेल तर ‘सस्पेक्ट’, नाही असं वाटत असेल तर ‘डाउट’. ‘डाउट’नंतर ‘दॅट’ आलं की नकार जवळजवळ पक्का; ‘व्हेदर’ आलं तर दार थोडं उघडं ठेवल्यासारखं होतं. ‘आय हॅव अ डाउट’ हे आपल्याकडे वर्गात हात वर करून म्हणतात, त्याचा अर्थ ‘मला एक विचारायचंय’ एवढाच. बाहेरच्या माणसाला मात्र ते तुमचा त्याच्यावर विश्वास नसल्यासारखं वाटतं. त्याला ‘आय हॅव अ क्वेश्चन’ लिहा.

‘नो डाउट’चंही तसंच. ‘नो डाउट द फ्रूट क्वालिटी इज गुड’ वाचल्यावर इंग्रजी वाचणारा पुढच्या ‘बट’ची वाट पाहतो, कारण ही सुरुवात बहुधा एखादी गोष्ट मान्य करून पुढे तक्रार मांडण्यासाठी वापरतात. ‘निःसंशय’ म्हणायचं असेल तर ‘देअर इज नो डाउट दॅट’ असं पूर्ण लिहा. ‘सस्पिशस’ तर आणखी फसवा. ‘द ग्रोअर इज सस्पिशस ऑफ द सकर्स’ म्हणजे शेतकऱ्याला कंदांबद्दल संशय आहे. पुढचे शब्द गाळले आणि नुसतं ‘द ग्रोअर इज सस्पिशस’ ठेवलं, तर तोच संशयित ठरू शकतो.

जळगावात राहून प्रबंध, प्रकल्प अहवाल, विम्याची पत्रं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. अनुभव असा, की आपल्या माणसाला इंग्रजी शब्द कमी पडत नाहीत. मराठीत अंदाज सांगायच्या ज्या चार-पाच रोजच्या पद्धती आहेत, त्या प्रत्येकीला इंग्रजीत एक सहज सुचणारा जोडीदार आहे, आणि तो जोडीदार दर वेळी वेगळंच वजन दाखवतो. तुमच्या ‘डाउट’ने तेच केलं. बाकीचे पाहू.

‘बहुतेक’पासून सुरू करू. ‘मोस्टली द ट्रक विल रीच ऑन मंडे’ हे वाक्य खानदेशातल्या निम्म्या ऑफिसांमधून रोज जात असावं. ‘मोस्टली’चा अर्थ ‘बराचसा भाग’ किंवा ‘बहुतेक वेळा’. म्हणजे ट्रकचा बराचसा भाग सोमवारी पोचेल, उरलेला मागून येईल! इथे ‘प्रॉबेब्ली’ हवं, आणि त्याची जागाही ठरलेली आहे. होकारात ‘विल प्रॉबेब्ली रीच’, नकारात मात्र ‘प्रॉबेब्ली वोन्ट रीच’. अहवालाच्या भाषेत ‘इज लाइकली टु रीच’ जास्त शोभतं.

‘असावं’ याहून अवघड. ‘कोवळ्या पानांवरच्या पिवळ्या रेषा पाहता सीएमव्ही असावा’ याचं भाषांतर हात आपोआप ‘इट शुड बी सीएमव्ही’ असं करतो. अंदाजासाठी इंग्रजीत ‘शुड’ येतो, पण तो ठरल्याप्रमाणे घडणाऱ्या, बहुधा हव्याशा गोष्टीसाठी: ‘द कंटेनर शुड बी ॲट द पोर्ट बाय नाऊ’. रोगाला ‘शुड’ लावलं की तुम्ही त्याची वाट पाहत होतात असं वाटतं. पुराव्यावरून केलेल्या तर्कासाठी ‘इज प्रॉबेब्ली’ घ्या. बाकी सगळी कारणं बाद झाली असतील तरच ‘मस्ट बी’. या ‘मस्ट बी’चा नकार ‘मस्टन्ट बी’ नाही. ती मनाई होते. नकार आहे ‘कान्ट बी’. ऑगस्टमधल्या पाहणीत कुणी थंडीचं नुकसान म्हणत असेल, तर ‘धिस कान्ट बी कोल्ड इंज्युरी’ लिहायला हरकत नाही.

तरीही होकारात ‘कॅन’ चालत नाही, हे पुष्कळांना पटत नाही. ‘सीएमव्ही कॅन स्प्रेड थ्रू ॲफिड्स’ हे बरोबर, कारण मावा हा रोग पसरवतो ही कायमची, सर्वसाधारण गोष्ट आहे. पण या एका प्लॉटमध्ये आज काय आहे याचा अंदाज सांगताना ‘इट कॅन बी सीएमव्ही’ चुकतं. तिथे ‘कुड बी’, ‘मे बी’ किंवा ‘माइट बी’ हवं. मराठीतलं ‘असू शकतं’ दोन्हीकडे चालतं, म्हणून आपला पाय इथे घसरतो. ‘मे’ आणि ‘माइट’ यांत ‘माइट’ किंचित दुबळा असं शिकवतात. आजकालच्या लेखनात हा फरक इतका पुसट झालाय की त्यावर मोठा निर्णय टांगू नये.

आता खरा खड्डा, ‘तर’चा. आपण म्हणतो, ‘उद्या पाऊस आला तर कटाई थांबवू.’ जुलै महिना, आभाळ भरलेलं, पाऊस येणार हे बांधावरच्या लहान पोरालाही माहीत. तरी क्रियापद भूतकाळी, ‘आला’. मराठीत त्या ‘आला’मध्ये शंका अजिबात नाही. तेच रूप उचलून आपण ‘इफ इट रेन्ड टुमारो, वी विल स्टॉप हार्वेस्टिंग’ लिहितो. इंग्रजीत ‘इफ’नंतर उद्याबद्दल भूतकाळी रूप आलं, की लेखकाला ती गोष्ट घडेलसं वाटत नाही असा अर्थ होतो. शिवाय त्याच्या जोडीला ‘विल’ नाही, ‘वुड’ लागतं. त्यामुळे वाचणारा गोंधळतो: याला पाऊस अपेक्षित आहे की नाही? पाऊस खरंच शक्य असेल तर साधा वर्तमानकाळ: ‘इफ इट रेन्स, वी विल स्टॉप’. घडणं कठीण, तरी विचार करून ठेवतोय, तर ‘इफ इट रेन्ड इन एप्रिल, वी वुड स्टॉप’. आणखी लांबची गोष्ट असेल तर ‘वेअर टु’: ‘इफ द बायर वेअर टु कॅन्सल’. करारात व पत्रात ‘शुड’ने सुरुवात करायचीही पद्धत आहे, ‘शुड द कंटेनर बी डिलेड’. यात शक्यता जरा मागे ढकलल्याची सभ्यता आहे. मराठीत खरा वेगळेपणा ‘आला असता तर’मध्ये आहे, आणि तिथे मात्र इंग्रजीशी जोडी जुळते: ‘इफ इट हॅड रेन्ड, वी वुड हॅव स्टॉप्ड’. म्हणजे आपल्याकडे दोन पायऱ्या, त्यांच्याकडे तीन. मधली पायरी, शक्य पण अवघड असलेली, आपल्याला रूपातून नव्हे तर ‘समजा’, ‘चुकूनमाकून’, ‘अगदीच’ अशा शब्दांतून मिळते. ‘अगदीच पाऊस आला तर’ असं जिथे तोंडात येईल, तिथेच इंग्रजी भूतकाळ वापरा. ही कसोटी मला आजवर पुरली आहे.

याच रांगेतला विमानातल्या सूचनेत ऐकू येणारा तुकडा म्हणजे ‘इन द अनलाइकली इव्हेंट ऑफ’. आपल्याकडच्या पुरवठा करारांत तो कुठून तरी चिकटवलेला दिसतो. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणं ही काही ‘अनलाइकली इव्हेंट’ नव्हे. दरवर्षी होणाऱ्या गोष्टीला हे विशेषण लावलं, तर वाद झाल्यावर समोरचा वकील तेवढ्यावरच बोट ठेवेल.

विम्याचा विषय निघाला म्हणून दोन रूपं. ‘द क्रॉप मे हॅव सर्व्हाइव्ह्ड’ म्हणजे पीक वाचलंही असेल, आम्हाला अजून ठाऊक नाही. ‘द क्रॉप माइट हॅव सर्व्हाइव्ह्ड इफ इट हॅड बीन इरिगेटेड’ म्हणजे पीक गेलं, पाणी दिलं असतं तर कदाचित वाचलं असतं. इंग्रजी मातृभाषा असलेलेही हल्ली दुसऱ्या ठिकाणी ‘मे हॅव’ लिहितात, पण नुकसानीच्या अहवालात तुम्ही लिहू नका. बाग उभी आहे की आडवी, एवढा फरक पडतो. दुसरं, ‘मे नॉट’. ‘द कंपनी मे नॉट पे’ याचे दोन अर्थ: कदाचित देणार नाही, किंवा द्यायला परवानगी नाही. शक्यता सांगायची तर ‘माइट नॉट’, मनाई सांगायची तर ‘मस्ट नॉट’ किंवा ‘शॅल नॉट’. ‘मे नॉट’ला करारातून रजाच द्या.

आता ‘होणं कठीण दिसतं’. इथे एक सोय आहे: ‘मला नाही वाटत माल पास होईल’ ही मराठी रचना इंग्रजीशी जुळते. नकार आधी, विचाराच्या क्रियापदाला: ‘आय डोन्ट थिंक द लॉट विल पास’. ‘आय थिंक द लॉट विल नॉट पास’ व्याकरणात बसतं, पण ठोकून सांगितल्यासारखं लागतं. अहवालात ‘आय’ नको असेल तर ‘द लॉट इज अनलाइकली टु पास’. यावरून ‘द लॉट इज इम्प्रॉबेबल टु पास’ बनवू नका. ‘इम्प्रॉबेबल’ला माणूस किंवा वस्तू कर्ता म्हणून जोडून पुढे ‘टु’ लावता येत नाही, तिथे ‘इट इज इम्प्रॉबेबल दॅट’ लागतं. तसाही तो शब्द जरा नवलाईचा आहे. कामाचा शब्द ‘अनलाइकली’.

‘चान्सेस आर लेस’ हे अस्सल आपलं इंग्रजी. त्याऐवजी ‘द चान्सेस आर स्लिम’ किंवा ‘देअर इज लिटल चान्स’. इथे डोळे उघडे ठेवा: ‘लिटल चान्स’ म्हणजे जवळजवळ नाहीच, आणि ‘अ लिटल चान्स’ म्हणजे थोडीशी आहे. एका ‘अ’ने नकाराचा होकार होतो. टाइप करताना सगळ्यात जास्त गळतं तेही हेच अक्षर.

‘तो कशाचा येतो भो!’ यातला जोर लेखी इंग्रजीत आणायला ‘हार्डली’ आहे: ‘ही इज हार्डली लाइकली टु कम’. ‘हार्डली’च्या पोटात नकार असल्यामुळे पुन्हा ‘नॉट’ घालायचं नाही. ‘फॅक्टरी इज हार्डली टेन किलोमीटर्स’ असं आपण ‘जेमतेम’साठी वापरतो, बाहेर त्याला ‘बेअरली’ किंवा ‘ओन्ली अबाउट’ म्हणतात. ब्रिटिश धाटणीची पत्रं वाचत असाल तर ‘आय वुड बी सरप्राइज्ड इफ द लॉट क्लिअर्ड’ असं वाक्य भेटेल. ते आश्चर्याचं वाक्य नाही. तो सभ्य भाषेत ‘माल पास होणार नाही’ म्हणतोय. ‘इट इज नॉट इम्पॉसिबल’ हेही त्याच घराण्यातलं. शक्य आहे पण माझी पैज त्यावर नाही. असली वाक्यं ओळखता यायला हवीत, स्वतः लिहायची गरज नाही.

इतकं सगळं साधलं तरी एक अडचण उरतेच: ‘लाइकली’ म्हणजे किती? १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तचर खात्याच्या एका अहवालात लिहिलं होतं, की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ समजावी. ते काम पाहणाऱ्या शर्मन केंट यांना परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने त्याचा आकडा विचारला. केंट म्हणाले, हल्ल्याच्या बाजूने ६५ विरुद्ध ३५. अधिकारी चमकला, कारण त्याने फार कमी धरलं होतं. मग केंट यांनी तो अहवाल एकत्र बसून मंजूर केलेल्या सहकाऱ्यांनाच विचारलं, तर उत्तरं २० विरुद्ध ८० पासून ८० विरुद्ध २० पर्यंत आली. १९६४ मध्ये त्यांनी शब्दांना आकडे नेमून देणारा लेख लिहिला: ‘ऑलमोस्ट सर्टन’ सुमारे ९३ टक्के, ‘प्रॉबेबल’ ७५, ‘प्रॉबेब्ली नॉट’ ३०, ‘ऑलमोस्ट सर्टनली नॉट’ ७.

आकडे ठरवूनही सगळ्यांचे सारखे होतात असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘अनलाइकली’ म्हणजे ३३ टक्क्यांपर्यंत. आपल्या भारतीय हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये मात्र ‘अनलाइकली’ २५ टक्क्यांखाली, ‘लाइकली’ २५ ते ५०, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५ आणि ‘मोस्ट लाइकली’ त्याच्या वर. तेव्हा जळगाव-धुळ्यासाठी ‘थंडरस्टॉर्म लाइकली’ आलं, तर निम्म्याहून कमी शक्यतेची गोष्ट चाललेली असू शकते, आणि तेच वाक्य तुम्ही परदेशी खरेदीदाराच्या मेलमध्ये चिकटवलंत की तो त्याचा अर्थ ‘येणारच बहुतेक’ असा घेतो. उतारा घेतलात तर कोष्टकही सांगा. स्वतःच्या अहवालात, जमेल तिथे, शब्दाच्या शेजारी आकडा ठेवा: ‘अनलाइकली, परहॅप्स वन प्लॉट इन टेन’. आकड्याला आधार नसेल तर मात्र शब्दच बरा. नुसता शोभेचा आकडा शब्दापेक्षा वाईट.

आणि एका विधानाला एकच शंका. ‘इट मे पॉसिब्ली परहॅप्स बी’ वाचून कुणालाच काही कळत नाही, फक्त लिहिणारा घाबरलाय एवढं कळतं. त्यापेक्षा पाहिलेलं आणि ताडलेलं वेगळं करा. पाहिलेलं साध्या भूतकाळात, शंकेविना. ताडलेलं पुढच्या वाक्यात, एका शंकाशब्दासह. उदाहरणार्थ: ‘येलो स्ट्रीक्स वेअर सीन ऑन यंग लीव्ह्ज इन द नॉर्थ कॉर्नर. द कॉज इज प्रॉबेब्ली सीएमव्ही. स्प्रेड टु द रेस्ट ऑफ द प्लॉट इज पॉसिबल. द अदर टू प्लॉट्स शोड नो सिम्प्टम्स.’ शेवटच्या वाक्यात ‘आर फ्री ऑफ व्हायरस’ लिहिलेलं नाही, याकडे लक्ष द्या. लक्षणं दिसली नाहीत एवढंच तुम्ही पाहिलंय. ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ हा तुकडा जपून वापरा. जगात नाकारता न येणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत, त्यामुळे दर पानावर तो आला की निरर्थक होतो. ‘मे बी’ दोन शब्द असतील तर क्रियापद, ‘मेबी’ एक शब्द असेल तर ‘कदाचित’. आणि दुसरा अहवालात घेऊच नका, तो बोलीतला आहे.

राहिलं ‘म्हणे’. दुसऱ्याकडून कळलेलं, आपण न पाहिलेलं. एवढ्याशा शब्दात मराठी माणूस जबाबदारी झटकून मोकळा होतो. इंग्रजीत त्याचे तुकडे पडतात. ‘अपॅरंटली’ म्हणजे दिसतं त्यावरून किंवा कळलं त्यावरून. ‘रिपोर्टेडली’ म्हणजे कुणीतरी तसं सांगितलंय. ‘सपोज्डली’ म्हणजे तसं म्हणतात पण मला खरं वाटत नाही. आणि ‘अलेजेडली’ पोलिसांच्या कामाचा, आरोप असेल तिथेच. फील्डवरच्या माणसाकडून सर्वांत जास्त नुकसान ‘क्लेम्स’ने होतं. ‘द ग्रोअर क्लेम्स ही स्प्रेड ट्वाइस’ असं आपण निरागसपणे लिहितो, ‘शेतकऱ्याचं म्हणणं आहे’ या अर्थाने. विमा कंपनीत बसलेल्या माणसाला त्यातून ऐकू येतं, की पाहणी करणाऱ्याचा यावर विश्वास बसलेला नाही. तुमचा खरोखर विश्वास नसेल तर कारणासकट तसं लिहा. नसेल तसं, तर ‘द ग्रोअर सेज’ किंवा ‘अकॉर्डिंग टु द ग्रोअर’ पुरे, आणि फवारणीची बिलं तुम्ही पाहिली असतील तर पुढे ‘बिल्स फॉर बोथ स्प्रेज वेअर सीन’ जोडा.